आयसोट्रेटिनॉइनचा कोर्स सुरू करताना: मुरुमांच्या रुग्णांसाठी मार्गदर्शक

गालावर, जबड्याच्या कडेला, पाठीवर दुखऱ्या गाठी येतात, पिकतात आणि जाताना खड्डा ठेवून जातात. लावायच्या क्रीम झाल्या, दोन-तीन महिने डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी झाली, तरी फरक तेवढ्यापुरताच. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइन लिहून देतात. मी फार्मासिस्ट आहे. या औषधासाठी दुकानात येणारी दोन तऱ्हेची माणसं मला सतत भेटतात. एकाने नेटवर इतकं वाचलेलं असतं की खोकं हातात घेऊनही तो विचारतो, "मॅडम, लिव्हर तर जाणार नाही ना?" दुसरी मोबाइलमधला मैत्रिणीच्या स्ट्रिपचा फोटो दाखवते आणि म्हणते, "हीच द्या, वीसची." पहिल्याला मी धीर देते. दुसरीला औषध देत नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवते.

दोघांनाही सांगायचं असतं ते एकच. गंभीर मुरुमांवर आज याच्या तोडीचं औषध नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं ते वापरात आहे. त्याचे बहुतेक दुष्परिणाम ओळखीचे आहेत, तपासणीत कळतात आणि औषध थांबवलं की ओसरतात. गर्भाला होणारी इजा मात्र नंतर भरून काढता येत नाही. म्हणून बाकीच्या भीतीपायी कोर्स अर्धवट सोडू नका, आणि गर्भधारणेच्या नियमात एका दिवसाचीही सूट घेऊ नका.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. ते त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी आक्रसवतं. तेल कमी झालं की रंध्रं तुंबत नाहीत, त्या तेलावर वाढणारे जिवाणू घटतात आणि सूज उतरते. पण चार पुटकुळ्या आल्या म्हणून घ्यायचं हे औषध नव्हे. खोल गाठी, व्रण पडणारे मुरूम, किंवा बाकी उपचार करूनही न हटणारे मुरूम, यांच्यासाठी ते आहे. भारतात खोक्यावरच छापलेलं असतं की हे फक्त त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर विकायचं. खोकं हातात आलं की ते उलटंपालटं करून वाचाच. गर्भवतीने घेऊ नये, ही सूचनाही तिथेच असते.

डॉक्टरांसमोर बसल्यावर काही गोष्टी न विचारता सांगा. चेहऱ्यावर गोरेपणासाठी किंवा डागांसाठी म्हणून कुठली ट्यूब महिनोन्महिने लावली असेल तर तिचं खोकं सोबत न्या. आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं आणि मुरूम त्यानेच आलेले असू शकतात. जिममध्ये कोणी इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या असतील तर तेही सांगा, कारण अॅनाबोलिक स्टिरॉइडमुळे छाती-पाठीवर भयंकर मुरूम येतात. बोलणी बसतील म्हणून लपवलंत तर चुकीच्या रोगावर औषध चालू होईल. मुलींची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओडीची (अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी आधी होऊ द्या.

याशिवाय यकृताचा जुना आजार, वाढलेलं कोलेस्टेरॉल, मधुमेह, आतड्यांची सूज, स्वतःला किंवा घरात कोणाला झालेलं नैराश्य, सोया किंवा शेंगदाण्याची अॅलर्जी (काही कॅप्सूलमध्ये सोयाबीन तेल असतं) हे सगळं सांगायचं. चालू असलेली प्रत्येक गोळी सांगायची, त्यात आयुर्वेदिक काढे, चूर्णं आणि ऑनलाइन मागवलेल्या 'केस-त्वचा-नखं' गोळ्याही आल्या. त्या गोळ्यांमध्ये अ जीवनसत्त्व असू शकतं आणि या औषधासोबत त्याची भर नको. गाजर, पपई, आंबा मात्र खुशाल खा. कॉड लिव्हर ऑइल आणि आठवड्यात दोन-तीनदा कलेजी, हे कोर्स संपेपर्यंत बाजूला ठेवा.

रक्ताच्या तपासण्या

सुरुवातीला यकृताची तपासणी (एलएफटी), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि स्त्रियांची गर्भधारणा चाचणी होते. लिपिडसाठी रक्त द्यायला सकाळी उपाशी पोटी जा. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू झाली असेल तर ट्रायग्लिसराइड या चरबीचा आकडा फुगलेला दिसतो आणि विनाकारण घाबरगुंडी उडते. हा आकडा १५० च्या आत असावा. औषधाने तो थोडा वाढणं नेहमीचं आहे. ५०० च्या पुढे गेला तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध थांबवतात, कारण फार वाढलेल्या ट्रायग्लिसराइडमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी पुन्हा होते. ती चुकवू नका. "लिव्हर जाईल का" या प्रश्नाचं उत्तर त्याच कागदावर असतं.

गर्भधारणेचा नियम

हा भाग मुलींनी, त्यांच्या आयांनी आणि नवऱ्यांनीही वाचावा.

कोर्स चालू असताना गर्भ राहिला तर गर्भपात होण्याची शक्यता वाढते, आणि गर्भ टिकला तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात, कानांत गंभीर व्यंग येऊ शकतं. वैद्यकीय पुस्तकांत अशा व्यंगांचं प्रमाण २० ते ३५ टक्के दिलेलं आढळतं. 'दहाचीच कॅप्सूल आहे', 'आठवडाभरच घेतली' या सबबी इथे चालत नाहीत. मात्रा किती आणि दिवस किती, याने धोका शून्य होत नाही.

म्हणून नियम असे. औषध सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून, पूर्ण कोर्सभर आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर एक महिना गर्भ राहता कामा नये. शरीरसंबंध येणार असेल तर दोन साधनं एकत्र वापरायची, जसं तांबी किंवा नियमित गर्भनिरोधक गोळ्या, आणि त्याच्या जोडीला निरोध. '७२ तासांची गोळी' हे नियोजनाचं साधन नव्हे. चाचणी निगेटिव्ह आल्यावर, पुढच्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली कॅप्सूल घ्यायची. त्यानंतर दर महिन्याला चाचणी. बाळाला अंगावर पाजत असाल तर हे औषध नाही.

अमेरिकेत २००६ पासून 'आयप्लेज' नावाची सक्तीची नोंदणी आहे. तिथे चाचणीचा निकाल नोंदल्याशिवाय गर्भ राहू शकणाऱ्या स्त्रीला पुढच्या महिन्याचं औषध मिळतच नाही. आपल्याकडे अशी अडवणारी यंत्रणा नाही. इथे डॉक्टर, दुकानदार आणि तुम्ही, एवढेच तिघे आहात, म्हणून चाचणीची तारीख तुमच्याच मोबाइलमध्ये हवी.

माझ्या मते सर्वांत मोठी अडचण लग्नाची आहे. "डिसेंबरात लग्न आहे, दिवाळीपर्यंत चेहरा स्वच्छ झाला पाहिजे," असं सांगत आई मुलीला घेऊन येते. औषध सुरू होतं, गुण येतो, लग्न होतं, आणि अजून दोन महिन्यांच्या कॅप्सूल बाकी असतात. नवऱ्या मुलाला काही सांगितलेलं नसतं, सासरी गोळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असतात आणि पाळणा लांबवायचा विषय काढायला कोणी तयार नसतं. हे असं होऊ देऊ नका. तारखेपासून मागे मोजा. डिसेंबरच्या सुरुवातीला लग्न असेल तर शेवटची कॅप्सूल ऑक्टोबरमध्ये संपायला हवी, म्हणजे पुढचा मोकळा महिना लग्नाआधी जातो. पाच-सहा महिन्यांचा कोर्स धरला तर सुरुवात मे महिन्यात व्हायला हवी. तेवढा वेळ हातात नसेल तर दोन वाटा आहेत: होणाऱ्या नवऱ्याला स्पष्ट सांगून कोर्स संपेपर्यंत आणि पुढे महिनाभर दोन्ही साधनं वापरायची, किंवा डॉक्टरांकडून दुसरा उपचार घेऊन हे औषध लग्नानंतर सवडीने, तोच नियम पाळून सुरू करायचं.

अविवाहित मुलींना आणखी एक सांगायचं आहे. तपासताना शेजारी आई बसलेली असते, डॉक्टर विचारतात, "गर्भधारणेची शक्यता?" आणि आईच उत्तर देते, "छे हो, लहान आहे ती." तुम्हाला वेगळं काही सांगायचं असेल तर "डॉक्टर, मला एक मिनिट एकटीला बोलायचंय" म्हणा. हा तुमचा हक्क आहे. आणि आयांनो, डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला म्हणून मुलीकडे संशयाने बघू नका, तो प्रश्न ते प्रत्येकीला विचारतात.

पाळी चुकली तर त्याच दिवशी औषध बंद करायचं, चाचणी करायची आणि त्वचारोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना कळवायचं. पुढचा निर्णय तुमचा आहे. गर्भपाताचा कायदा अविवाहित स्त्रीलाही लागू आहे आणि डॉक्टरांना तुमचं नाव गुप्त ठेवावंच लागतं.

'हे औषध घेतलं की पुढे मूल होत नाही' असं काही जण बिनधास्त सांगतात. तसं नाही. औषध महिनाभरात शरीरातून निघून जातं आणि त्यानंतर राहिलेल्या गर्भाला त्याचा धोका राहत नाही. पुरुष औषध घेत असेल तर त्याच्यामुळे बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही. पण रक्तदान स्त्री-पुरुष दोघांनीही करू नये, ना कोर्समध्ये, ना पुढचा महिना. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. कॉलेजच्या शिबिरात मित्रांनी आग्रह केला तरी नाही म्हणा.

कॅप्सूल कशी घ्यायची

जेवणासोबत. उपाशी पोटी घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही. स्निग्ध पदार्थ पोटात असले तर जवळजवळ दुप्पट शोषलं जातं. चहा-बिस्किटावर घेऊन "गुण येत नाही" म्हणणारे बरेच भेटतात. तूप लावलेली पोळी, शेंगदाण्याची चटणी, अंडं किंवा साईसकट दूध, असं काहीतरी ज्या जेवणात असतं ते जेवण ठरवून टाका आणि रोज त्याच वेळी घ्या. श्रावणातल्या किंवा नवरात्रातल्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी खात असाल तर तूप-दाण्यांमुळे काम भागतं. निव्वळ फळांवर किंवा निर्जळी राहणार असाल तर त्या दिवसाचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

कॅप्सूल फोडू नका, चावू नका, पाण्यासोबत अख्खी गिळा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. स्ट्रिप उन्हापासून लांब ठेवा, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत विसरू नका.

मात्रेचं गणित समजून घेतलं तर धीर राहतो. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोमागे रोज ०.५ ते १ मि.ग्रॅ. असते आणि पूर्ण कोर्समध्ये किलोमागे १२० ते १५० मि.ग्रॅ. पोटात जावं असं धरतात. ६० किलोच्या माणसाला १२० च्या हिशेबाने ७,२०० मि.ग्रॅ. लागतात. रोज ४० मि.ग्रॅ. घेतले तर १८० दिवस, २० मि.ग्रॅ. घेतले तर वर्षभर. भारतात बरेच त्वचारोगतज्ज्ञ कमी मात्रा आणि जास्त दिवस पसंत करतात, त्रास कमी होतो म्हणून. काही जण एकूण आकड्यापेक्षा चेहरा किती निवळला ते बघून थांबायचं ठरवतात. म्हणून मित्राचा कोर्स चार महिन्यांत संपला आणि तुमचा आठ महिने चालू आहे, यात गैर काही नाही. आपल्या मनाने मात्रा वाढवून लवकर उरकायचा प्रयत्न मात्र करू नका.

पहिला महिना

पहिल्या तीन-चार आठवड्यांत मुरूम वाढू शकतात. सगळ्यांचे वाढत नाहीत, पण वाढले तर "औषध उलटलं" असं समजून बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. खूप गाठी असलेल्यांना ते आधीच कमी मात्रेने सुरू करतात. मात्र गाठी फुटून जखमा होऊ लागल्या, सोबत ताप आणि सांधेदुखी असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे, त्याच दिवशी दाखवायचं. खरा फरक साधारण दुसऱ्या महिन्यापासून दिसतो.

ओठ कोरडे पडणं जवळजवळ प्रत्येकाला होतं. ओठांच्या कोपऱ्यात बारीक चीर पडते, तिखट लागलं की झोंबते, जांभई दिली की उलते. साधी पेट्रोलियम जेली खिशात ठेवा आणि दिवसातून आठ-दहा वेळा लावा, जेवणाआधीसुद्धा. ओठ चाटू नका, साल ओढू नका. नाक आतून कोरडं पडून रक्त येत असेल तर तीच जेली बोटाने नाकपुडीच्या तोंडाशी लावा. डोळे चुरचुरत असतील तर डोळ्यांत घालायचे थेंब डॉक्टरांना विचारून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी काही महिने चष्म्यावर यावं. रात्री दुचाकी चालवताना समोरच्या दिव्यांनी दिपायला होतंय, अंधारात कमी दिसतंय असं वाटलं तर गाडी चालवणं थांबवा आणि कळवा.

चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावा. आधीच्या उपचारातली बेन्झॉइल पेरॉक्साइड, अॅडापलिन, सॅलिसिलिक अॅसिड असलेली क्रीम किंवा फेसवॉश डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चालू ठेवू नका, त्वचा भाजल्यासारखी होते. ऊन लवकर लागतं, त्यामुळे एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त सनस्क्रीन, आणि दुचाकीवर स्कार्फ. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर दुपारी बाहेर पडणं टाळलेलंच बरं.

काय टाळायचं

वॅक्सिंग. कोर्समध्ये आणि नंतर सहा महिने त्वचा नाजूक असते, वॅक्सच्या पट्टीसोबत कातडीच निघते आणि डाग राहतो. वरच्या ओठावर तर अजिबात नको. रेझर किंवा ट्रिमर चालतो. पार्लरमध्ये बसल्या बसल्या "ब्लीच करून टाकू का" असं विचारतात, तेव्हा औषध चालू असल्याचं सांगून नको म्हणा. लेझर आणि पीलचं वेळापत्रक तुमच्या त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घ्या.

दारू टाळा, यकृत आणि ट्रायग्लिसराइड दोन्हींवर ताण येतो. अंग दुखणं, पाठ धरणं हे जोरदार व्यायाम करणाऱ्यांना जास्त होतं. तेव्हा वजनं थोडी कमी करा, आणि लघवी गडद तपकिरी दिसली तर ताबडतोब दाखवा.

डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन या गटातली औषधं आयसोट्रेटिनॉइनसोबत घेऊ नयेत. दोन्ही मिळून मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढू शकतो. घरात मुरुमांची जुनी डॉक्सी उरलेली असेल तर ती काढून टाका. आणखी एक प्रसंग पावसाळ्याचा. मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापापासून) बचावासाठी डॉक्सीसायक्लिन देतात. लेप्टो जिवावर बेतणारा आजार आहे, त्यामुळे ती गोळी आपल्या मनाने टाळू नका. "माझं आयसोट्रेटिनॉइन चालू आहे" एवढं सांगा, काय थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील. दाताच्या, कानाच्या, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे वाक्य आधी सांगायचं.

मनाकडे लक्ष

या औषधाने नैराश्य येतं का, यावर बराच अभ्यास झाला आहे. मोठ्या गटांच्या पाहणीत तसा ठळक धोका दिसलेला नाही, आणि चेहरा निवळल्यावर अनेकांचं मन उलट हलकं होतं. तरी काही जणांना त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून सूचना पत्रकात इशारा कायम आहे. गंभीर मुरूम असलेली मुलं आधीच आरशाला, फोटोला, माणसांना टाळत असतात हेही खरं. कोर्स चालू आहे हे घरात एका तरी माणसाला माहीत असू द्या आणि त्याला सांगून ठेवा: मी चिडचिड करायला लागलो, झोप उडाली, कोणाशी बोलेनासा झालो तर मला सांग. जीव नकोसा वाटायला लागला तर औषध थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलता येतं.

आणखी कोणत्या त्रासात वाट बघत बसायचं नाही, तेही सांगते. डोकं फुटेल असं दुखून उलटी किंवा अंधुक दिसणं, पोटाच्या वरच्या भागात पाठीपर्यंत जाणारी कळ, डोळे पिवळे होणं, शौचातून रक्त पडणं, अंगावर फोड येणं. यातलं काहीही झालं तर पुढची कॅप्सूल न घेता दवाखाना गाठा.

कोर्स संपल्यावर

कोरडेपणा काही आठवड्यांत जातो. मुरूम काहींना पुन्हा येतात, बहुधा आधीपेक्षा सौम्य. ते परत येऊ नयेत म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा रात्री लावायचं अॅडापलिनसारखं क्रीम देतात, ते कंटाळा न करता लावा. गरज पडली तर दुसरा कोर्सही देता येतो, पण मध्ये काही महिने जाऊ देतात. खड्ड्यांवर हे औषध काम करत नाही, त्यासाठीचे उपचार नंतर सुरू होतात.

उरलेल्या कॅप्सूल धाकट्या बहिणीला किंवा हॉस्टेलच्या रूममेटला देऊ नका. स्ट्रिप अख्खी असेल तर बिलासकट दुकानात घेऊन या, परत घेता येते का ते विचारा. सुट्या उरल्या असतील तर चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाका. घरात कोणी गरोदर असेल तर फुटलेल्या कॅप्सूलला तिला हात लावू देऊ नका.